पाचवी पिन

शुक्रवारी दुपारी मी दुकानात बसून मेथी निवडत होते, तेव्हा आढ्याला टांगलेली मोटर आपणहून खाली आली.

कोणी हात लावला नव्हता. वारासुद्धा नव्हता. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एक 'टक' आवाज झाला, आणि पाऊण क्विंटलचं ते धूड माझ्या पाटापासून दोन हातांवर येऊन आदळलं. फरशी फुटली. मेथी माझ्या केसांत गेली.

सदर मोहल्ल्यात आमचं गिलटचं दुकान. सायकलींची हँडलं, पलंगांच्या दांड्या, पूजेची तबकं, जे येईल त्याला आमचे हे तेजाबात धुऊन निकेल चढवत. बिघडलेली मोटर यांनीच दोन दिवसांपूर्वी साखळीनं टांगून ठेवली होती आणि निकेलचे क्षार आणायला अमरावतीला गेले होते. साखळीची टोकं जोडायला एक पिन घातली होती. ती पिन आता फरशीवर दोन तुकड्यांत पडली होती.

मी तुकडे उचलले. अंगठ्याएवढी जाड पिन, पण जराही वाकलेली नाही. तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं चमकत होतं.

तशा पिना पाच होत्या. ही डाग पडल्यामुळे मागे राहिलेली पाचवी. उरलेल्या चार कन्हानला एका विहिरीवर लागल्या होत्या, आणि त्या पिनांच्या भरवशावर माझा धाकटा भाऊ बळीराम रोज सत्तर फूट खाली उतरत होता.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं रद्दीनं शिकवलं. माल गुंडाळायला आणलेल्या रद्दीत एकदा रसायनशास्त्राचं पुस्तक आलं, शेवटची पानं नसलेलं. ते मी चुलीपुढे बसून तीनदा वाचलं. मिठाचा खडा फुटतो आणि पळी वाकते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. का, ते तिथे कळलं. मिठात एक अणू आपला एक कण दुसऱ्याला देऊन टाकतो. मग एक धन, एक ऋण, असे सगळे आपापल्या जागी पंगतीला बसतात. पंगत एका पाटानं सरकली की सारखे सारख्यांसमोर येतात, एकमेकांना ढकलतात, आणि खडा फुटतो. धातूचं तसं नाही. तिथे सगळे आपले बाहेरचे कण मध्ये ठेवतात, कोणाचे कोणते हे कोणी विचारत नाही. रांग सरकली तरी धरून राहते. म्हणून पळी वाकते, तुटत नाही.

मग लोखंडाची पिन मिठासारखी का फुटावी? ते मला पुस्तकानं नाही, यांच्या गुरूंनी, वामनरावांनी सांगितलं होतं. गिलट चढवताना हायड्रोजन तयार होतो. इतका बारीक की पोलादाच्या आत शिरतो, जिथे ताण जास्त तिथे जाऊन बसतो आणि अणूंची पकड ढिली करतो. "साधं लोखंड ते पचवते वं," ते म्हणाले होते. "पण कडक पोलाद! त्याले गिलट झाल्याबरोबर चार तास भट्टीत ठेवावं लागते. तो पाहुणा निघून जाते. नाही ठेवलं, तर हातोडा मारून पाहा, काहीच होत नाही. वजन टांगून ठेवा, दोन दिवसांनी, चार दिवसांनी, न सांगता जाते."

गोपाळराव ठेकेदारानं त्या पिना ट्रकच्या जुन्या एक्सलमधून घडवून घेतल्या होत्या. त्याहून कडक काय असणार? विहिरीच्या ओलीत गंजू नयेत म्हणून गिलट हवं होतं. काम आणलं होतं बळीरामनंच.

आमच्याकडे भट्टी नाही. शेजारच्या करीमचाचांच्या बेकरीत पाव निघाले की उरलेल्या उबेत आमचा ट्रे जायचा. नेणं-आणणं माझ्याकडे.

आणि मंगळवारी, दिवाळीच्या आधीच्या त्या मंगळवारी, अर्धं सदर आपापले नानकटाईचे ट्रे घेऊन चाचांच्या दारात उभं होतं. मीही होते. बळीरामला भाऊबीजेला माझी नानकटाई लागते. पिना आत जाऊन जेमतेम तास झाला होता.

"भाभी, जगह एक ही है," चाचा म्हणाले. "या तो लोहा, या नानकटाई."

"लोहा गरम झाला का पण?"

"हात लगाके देखो. और कितना पकाओगी, खाना है क्या उसको?"

बायका हसल्या. मीही हसले. पिना बाहेर काढल्या आणि नानकटाई आत सरकवली. घरी यांनी विचारलं, "झाले चार तास?" मी म्हटलं, "झाले." एवढं सोपं होतं ते.

मी पिनेचे तुकडे पदरात बांधले, नानकटाईचा डबा का कोण जाणे बरोबर घेतला, आणि दुकानाला कुलूप लावून मोटार स्टँड गाठलं. कामठीला बस थांबली तेव्हा कंडक्टर उतरून चहा प्यायला. मी खिडकीतून त्याच्या कपाकडे बघत बसले. इतका सावकाश चहा पिणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. कन्हानचा पूल आला, तोवर मी मनात बळीरामच्या दोन्ही पोरींना वाढवून, लग्नं लावून मोकळी झाले होते.

विहीर गावाबाहेर. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि जो तो विहिरी खोल करत होता. लांबूनच लाकडी तिपाई दिसली, तिच्यावर कप्पी, कप्पीवरून दोर, आणि चार माणसं विंच फिरवताहेत. म्हणजे दगडांनी भरलेला लोखंडी डोल वर येत होता. बळीराम कुठे आहे ते मला विचारावं लागलं नाही. काठावर त्याच्या चपला होत्या.

मी धावले, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

ओरडले असते तर विंचवाले दचकून थांबले असते. दोराला हिसका बसला असता. खाली बळीराम, वर तीन क्विंटल दगड, आणि मध्ये माझी नानकटाई. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि उभी राहिले.

आत डोकावले. डोल अर्ध्यावर होता. त्याच्या कड्यात माझ्या दोन पिना चांदीसारख्या लखलखत होत्या. खाली अंधारात बिडी चमकत होती. बिडी ओढत होता तो, डोलाच्या थेट खाली उभा राहून.

विंचाचा दात एकेक पुढे सरकत होता. टक. टक. टक. प्रत्येक आवाजाला मला वाटे, गेली. मी दात मोजायला लागले. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि मग आकडेच विसरले. माझी बोटं कुठेतरी रुतली होती. नंतर पाहिलं तर शेजारच्या मजुराचा दंड होता. त्यावर माझी नखं उमटली होती.

डोल काठावर आला. फळ्या सरकवल्या. डोल फळ्यांवर टेकला. तेव्हा मी बोळा काढला आणि ओरडले, इतकी की विंचवाल्याच्या हातातून दांडा सुटला.

"डोल खाली पाठवू नका! शिडी सोडा!"

गोपाळराव सावलीतून उठून आले. "वहिनी? तुमी इकडे कायले? काय झालं?"

मी पदर सोडून तुकडे दाखवले. सगळं सांगितलं, हायड्रोजनसकट. त्यांनी तुकडे उलटेसुलटे पाहिले.

"तुमच्या दुकानातली तुटली. माह्या तर मजबूत आहेत. पयल्या दिवशी चार गडी बसवून पाहिले मी."

"पहिल्या दिवशी नाही तुटत हो ती!"

"काय वहिनी! लोखंड काय दूध आहे, उद्या नासाले?"

विहिरीतून आवाज घुमला. "काहून गा, डोल काहून नाही येऊन राहिला? कोण बोंबलून राहिलं?"

"मी बोंबलून राहिली!" मी काठावर आडवी होऊन खाली ओरडले. "शिडीनं वर ये!"

"ताई? तू? कोण मेलं वं?"

"अजून कोणी नाही! वर ये म्हणते ना!"

सुरुंगाच्या वेळी वापरायची दोराची शिडी सोडली. सत्तर फूट. तो शिव्या देत देत चढत होता, आणि एकेक शिवी जवळून ऐकू येत होती तसा माझा श्वास परत येत होता. डोकं वर आलं, दगडाच्या भुकटीनं पांढरं, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखं. मी त्या डोक्यावर एक चापट मारली आणि मग रडले.

गोपाळरावांनी डोलातली एक पिन काढून दगडावर ठेवली आणि घण घातला. ठण्ण. पुन्हा घातला. पिनेवर ओरखडाही नाही. मजूर हसायला लागले.

"पाहा! घण पचवते, अन् तुमी म्हणता वजनानं तुटन."

"घणाला ती भीत नाही," मी म्हटलं. "सतत टांगलेल्या ओझ्याला भिते. दगड भरा, टांगून ठेवा, आणि खाली कोणाला जाऊ देऊ नका. हात जोडते."

माझ्या शास्त्रावर त्यांचा विश्वास बसला नाही. जोडलेल्या हातांवर बसला असावा. डोलाच्या आणि कप्पीच्या चारही गिलटच्या पिना काढल्या, जुन्या गंजक्या परत घातल्या, आणि एक चकचकीत पिन बाजूच्या बाभळीला भरल्या टोपल्यांसकट टांगून ठेवली. मी निघेपर्यंत ती तशीच होती, मस्त, जणू आमच्या वाईटावर टपलेली नसावीच.

बसच्या वाटेवर बळीरामनं डबा उघडला. "हे भाऊबीजेची ना? आजच खाऊ?"

"खा. तुझ्या पिनेच्या जागी हीच भाजली मी."

त्याला सगळं सांगितलं. तो चावता चावता थांबला, नानकटाईकडे पाहिलं, मग उरलेली तोंडात टाकली. "चांगली भाजली वं," तो म्हणाला. थोड्या वेळानं विचारलं, "भाऊजीले सांगितलं?"

मी डब्याचं झाकण लावलं.

शनिवारी हे अमरावतीहून आले. मोटर पडली एवढं सांगितलं. पिन खराब निघाली असेल, म्हणाले. मी हो म्हटलं. फराळ केला, पणत्या लावल्या. रात्री पडल्या पडल्या मला टक ऐकू येई, आणि मी उठून बसे. एकीकडे वाटे, ती बाभळीवरची पिन तुटू नये, माझी भीती खोटी ठरावी. दुसरीकडे वाटे, नाही तुटली तर गोपाळराव त्या परत डोलात घालतील.

भाऊबीजेला बळीराम आला. हे खुर्चीवर पेपर वाचत होते. मी त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला आणि ताटात ओवाळणी ठेवली. निरांजनाशेजारी दोन चकचकीत तुकडे, जराही न वाकलेले.

"रविवारी सकाळी," तो म्हणाला. "चहा पिऊन राहिलो होतो सारे. कोणी बोटबी लावलं नव्हतं."

यांनी पेपर खाली केला. ताटात पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही तर आपली पिन. चार तास भाजली ना ही?"

बळीराम पाटावरून उठला नाही. मी ताट खाली ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. "ऐका. सांगते."