आमटीची चेष्टा

शनिवार-रविवार निवांत खाऊ-पिऊ, असं संकेत म्हणाला होता. निवांत! ज्याची आई मिरजेहून खास मुलगी बघायला आली आहे, त्याने निवांत म्हणावं आणि जिला बघायचं, तिच्या घशाखाली घास उतरू नये, असा हा न्याय.

अनुयाचा जन्म जयपूरचा. वडील विमा कंपनीच्या बदलीवर इथे आले ते इथलेच झाले. घरात मराठी होती, पण हिंदीची ठिगळं लावलेली. नोकरीसाठी जयपूरला आलेल्या संकेतने बजावलं होतं, "आईसमोर हिंदी मिसळू नकोस. सून परकी येणार, हीच तिची धास्ती आहे." तेव्हापासून अनुया शब्द ओठांवर आला की आधी चाचपून बघायची. उर्दू वाटला की बाहेर, संस्कृत वाटला की पसंत.

शनिवारी सकाळी तिने संकेतच्या आईला, सुधाकाकूंना, कांद्याची कचोरी खाऊ घातली, दुपारी आमेरला दाल-बाटी. काकू चवीने जेवत होत्या, पण अनुया पसंत पडली की नाही, याचा पत्ता लागू देत नव्हत्या. अनुयाचा जीव टांगणीला लागला होता. बाटी चुरता चुरता काकू एकदम म्हणाल्या, "मी मूळची गुहागरची. आमच्या आमटीत आमसूल आणि गूळ. लग्न होऊन मिरजेला आले आणि सासरी माझ्या आमटीची काय चेष्टा व्हायची, विचारू नकोस. जावा, नणंदा, सगळ्या करायच्या."

अनुयाचे डोळे चमकले. हा शब्द तिला शाळेपासून पाठ होता. हिंदीच्या बाईंनी तिच्या निबंधातलं 'कोशिश' खोडून वर 'चेष्टा' लिहिलं होतं. चेष्टा म्हणजे प्रयत्न! अख्खं सासर जिच्यासारखी आमटी करायला धडपडत होतं, तिला खूश करायला आणखी काय हवं?

रविवारी संकेतच्या स्वयंपाकघरात तिने काकूंनीच आणलेली आमसुलं काढली. गूळ घातला, चाखला, पुन्हा घातला. संकेत दही आणायला बाहेर पडला तशी तिने काकूंना ताट वाढलं आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं.

"काकू, तुमच्या आमटीची मीपण चेष्टा केली आहे."

काकूंचा घास हातातच राहिला. "काय केलीस?"

"चेष्टा! सकाळपासून तीच करतेय. तुमच्या नणंदांसारखी जमली नसेल, पण अगदी मनापासून केली."

काकूंनी वाटी बाजूला सारली. "एवढंच राहिलं होतं. सासरी ऐकून घेतलं, आता मुलाच्या घरीही ऐकायचं." त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

चुकलं काय, तेच अनुयाला कळेना. मराठी शब्द शोधायला गेली तर एकही सापडेना. आधी रडू फुटलं, मग हिंदी.

"काकू, मतलब... मैंने तो बस कोशिश की थी! आपके जैसी बनाने की!"

चेन थांबली.

"कोशिश?"

"हां जी. म्हणजे, हो. चेष्टा म्हणजे कोशिशच ना?"

काकू दारात आल्या. "अगं वेडे, चेष्टा म्हणजे टिंगल!"

"टिंगल? म्हणजे तुमच्या सासरी सगळे तुम्हाला..." स्वतःची फजिती अनुया विसरूनच गेली. तिने काकूंचा हात धरला.

"आमटी आहे की गुळवणी, असं भर पंगतीत विचारायचे," काकू म्हणाल्या. "माझ्यासारखी करावी, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही गं."

मग डोळे पुसून त्या पुन्हा ताटावर बसल्या. "गूळ जरा जास्त झालाय. डाळही अजून घोटायला हवी होती," म्हणाल्या, आणि वाटी पुढे करून आणखी मागून घेतली.

दही घेऊन आलेला संकेत दोघींचे लाल डोळे बघून दारातच थबकला. "काय झालं?"

"तुझ्या बायकोने माझी चेष्टा केली," काकू म्हणाल्या. "आता गणपतीला मिरजेला येऊन तिने ती पुन्हा करायची आहे. माझ्या सगळ्या जावा-नणंदांना पंगतीत बसवून."