माऊस गेला, मी मागेच राहिलो

मी मागून बोलतोय. कॉम्प्युटरच्या मागून, जिथे वायरींचं जंजाळ असतं आणि फडकं कधी पोचत नाही. बिनवायरच्या माऊसबरोबर नखाएवढी एक पिन मिळते ना, तोच मी, त्याचा रिसीव्हर. माऊस हलला की हवेतून मला निरोप येतो आणि मी तो कॉम्प्युटरच्या कानी घालतो. एवढंसं काम, पण त्यानेच माझ्या जिवाला घोर लावलाय.

कारखान्यात मला निरोप पोचवायला शिकवलं. तो कुणाचा, हे ओळखायला शिकवलं नाही. माझ्या जातीतले सगळेच असे नसतात. आपल्याच माऊसचं ऐकायचं, बाकीच्यांना दारात उभं करायचं नाही, असे शहाणेही आहेत. मी त्यांतला नव्हे. आमचं खोकं स्वस्तात विकायचं होतं.

रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये ताईंनी आम्हाला आणलं. ताई रक्तही काढायच्या आणि रिपोर्टही टाइप करायच्या. कॉम्प्युटरची पाठ पेशंटच्या बाकड्याकडे, त्यामुळे मी बसलेल्या प्रत्येकाला दिसायचो. खुर्चीतल्या ताईंना तेवढा दिसायचो नाही. माऊस अडला की ताई त्याला म्हणायच्या, "चल रे राजा, असा रुसू नकोस." राजा लगेच चालायचा. छान दिवस होते ते.

मग एकदा त्याच्यावर चहा सांडला. "दमला बिचारा," म्हणत ताईंनी त्याला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नवा माऊस आला, स्वतःची पिन घेऊन आला, ती पुढच्या बाजूला बसली. मला काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जोडीदार गेला तरी मी आपला कान लावून बसलेला! माणसं नवं आणतात तेव्हा जुन्याचं काय काय मागे राहिलं, ते बघतच नाहीत.

एका दुपारी बाकड्यावर एकजण बसला होता, मांडीवर बॅग घेऊन. आपला नंबर पुकारला तरी उठेना. आणि अचानक त्या बॅगेतून मला माझ्या माऊसच्या बोलीत हाक आली. काय सांगू, आनंदाने मी मोहरून गेलो! पण हा निरोप सरकण्याचा नव्हता. कीबोर्डची बटणं दाबल्याचा होता, आणि तोही माणसाची बोटं चालणार नाहीत इतक्या भराभर. माऊसला कुठली आलीत अक्षरं? काहीतरी काळंबेरं आहे हे मला कळत होतं. पण नाही म्हणणं माझ्या घडणीतच नाही, मी पोचवत गेलो. पडद्यावर हुकूम टाइप करायची एक काळी चौकट उघडली, रिपोर्ट बाहेर धाडायचे हुकूम तिच्यात उमटले आणि ती मिटली. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून एका आजोबांची शीर शोधत होत्या. बॅगवाला उठून गेला.

काही दिवसांनी शिवणाच्या कारखान्यातली एक बाई तरातरा आत आली. मी तिला ओळखलं. मागच्या खेपेला रिपोर्ट हातात घेऊन ती रडली होती, हसतही होती. "दोनदा पोटातलं गेलंय ताई. या वेळी तीन महिने होईपर्यंत घरी कुणाला सांगणार नाही," असं म्हणाली होती. आता तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नणंदेने मोबाइलवर माझा रिपोर्ट दाखवला. तुमच्या लॅबचा. गावभर झालंय. मी तर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, ताई!"

"अहो, शपथेवर सांगते, मी कुणाला अवाक्षर बोलले नाही."

"मग भिंतींनी सांगितलं का?"

मी सांगितलं हो, भिंतीने नाही! पण मला हवेतलं नुसतं ऐकता येतं, ओरडता येत नाही.

लॅबचे मालक सर आले. एकटीचाच नाही, सगळ्यांचेच रिपोर्ट बाहेर पडले होते. "तुमच्याच लॉगिनमधून गेलेत, ताई. या खुर्चीत दुसरं कोण बसतं?" कॉम्प्युटरवाल्याने खुर्चीत बसून पासवर्ड बदलला, नवा माऊस पिनेसकट काढून वायरचा जोडला आणि म्हणाला, "आता चिंता नाही." मागे येऊन बघितलं असतंस तर काय कंबर मोडली असती का रे बाबा? सर ताईंना म्हणाले, "सगळं स्पष्ट होईपर्यंत तुम्ही घरीच थांबा."

ताईंनी डबा, स्वेटर, चष्म्याचं घर पिशवीत भरलं. मोबाइलची चार्जिंगची वायर माझ्या शेजारच्या भोकात असते, ती घ्यायला त्या पहिल्यांदाच या बाजूला आल्या. वाकल्या. वायर उपसताना त्यांचं बोट मला लागलं.

"हे काय गं बाई?" त्या पुटपुटल्या. दोन नखांत धरून त्यांनी मला ओढलं. मी जरा सैल झालो. अजून थोडंसं ताई, एक हिसका द्या, माझी सुटका होईल आणि तुमचीही!

त्यांचा हात थांबला. "नको. याला हात लावायचा आणि आणखी काही बिघडलं तर तेही माझ्याच नावावर." त्यांनी अंगठ्याने मला घट्ट आत ढकललं आणि पिशवी उचलून त्या निघाल्या.

ताईंच्या खुर्चीत उद्या दुसरं कुणी बसेल. तुम्ही आपल्या कॉम्प्युटरच्या मागे एकदा वाकून बघा हो, माझा एखादा भाऊ तिथे विसरला असाल. बाकड्यावर आत्ताच कुणीतरी येऊन बसलंय, मांडीवर बॅग आहे. कदाचित साधा पेशंटच असेल. पण त्याने हाक मारली तर मी ओ देणार. देवाशपथ, मला उपटून काढा कुणीतरी.