मामींची लुडबूड

रस्त्यात लोक मामांना थांबवून विचारायचे, “मामींना नाही आणलंत?” आणि शेजारी उभी असलेली त्यांची खरी बायको कसनुसं हसायची. मामी ही मालिकेतली बायको. सहा जणांच्या त्या विनोदी मालिकेत मामा-मामी हे प्रेक्षकांचं सगळ्यात लाडकं जोडपं होतं. खरी बायको पडद्यामागे, मालिकेची एडिटर. सेटवर सगळे तिला वहिनी म्हणत.

अलीकडे मामा विसरायला लागले होते. आधी एखादा शब्द जायचा, मग अख्खं वाक्य. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मामा मान डोलवत ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, “सेटवर कुणाला सांगू नकोस. काम गेलं तर मी दिवसभर करू काय?” वहिनींनी तोंडाला कुलूप लावलं. मामा जिथे अडखळत, तेवढा तुकडा त्या गुपचूप कापायच्या आणि तिथे दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा लावायच्या.

सेटवर सांभाळायच्या त्या मामी. मामांचं वाक्य अडलं की त्या लगेच मध्ये तोंड घालायच्या. “किल्ली हरवली म्हणायचंय ना तुम्हाला? मग म्हणा की!” लोक खो खो हसायचे. या बाईला सगळं कळलंय, हे वहिनींनी केव्हाच ओळखलं होतं. पण दोघींनी एकमेकींपाशी तो विषय कधी काढला नाही.

मग वाहिनीवाल्यांनी ठरवलं, नव्या पर्वात पाचच कलाकार ठेवायचे. कुणाला काढायचं हे ठरवायला त्यांनी अभिनय शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांना बोलावलं. सर एडिटिंगच्या खोलीत आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कापलेलं नको, कच्चं दाखवा. कापाकापी करून तुम्ही लोक दगडाचाही नट करता.”

वहिनींना काहीतरी सबब सांगायची होती. पण दिग्दर्शक शेजारीच बसला होता. त्यांनी कच्चं चित्रीकरण लावलं.

सरांची जीभ तिखट होती. जावयाचं काम करणारा देखणा पोरगा त्यांना मुळीच आवडला नाही. “विनोद करतो आणि हशाची वाट बघत उभा राहतो.” मुलीचं काम करणारी बरी आहे, पण रडताना केस सावरते, म्हणाले. तेवढ्यात पडद्यावर मामा आले. मामींनी काहीतरी विचारलं आणि मामा गप्प झाले. नजर भिंतीवर, ओठ किंचित हललेले. वहिनींनी खाली मान घातली.

“थांबवा,” सर पुढे सरकले. “हे बघा! याला म्हणतात अभिनय. हा माणूस उत्तर पाठ म्हणत नाही, शोधतो. केवढं धाडस लागतं एवढं थांबायला!”

दिग्दर्शक खूश झाला. “मामा आमचे हिरा आहेत, सर.”

“आणि ही बाई त्या हिऱ्यावर चिखल उडवतेय,” सर म्हणाले. “सारखी त्याच्या वाक्यात घुसते. दुसऱ्याचा प्रसंग खाण्याची खोड आहे हिला. हिला काढा.”

सहा जणांत खरा अभिनय कोण करत होतं, हे त्या खोलीत एकट्या वहिनींना ठाऊक होतं. भीती गिळून, वाक्य पेरून, वर लोकांना हसवणारी ती बाई. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य मामांना घरी बसवणारं होतं. वहिनींनी पुढचा प्रसंग लावला.

संध्याकाळी मामींचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“वहिनी, तुम्ही होतात ना तिथे?”

“होते.”

“मी लुडबूड करते म्हणाले?”

वहिनी ‘हो’ म्हणाल्या. मग मामी म्हणाल्या, “माझं सोडा. मिळेल काहीतरी. पण मामांसमोर आता जावयाला उभं करणार आहेत. तो पोरगा स्वतःपलीकडे बघत नाही हो.”

नवं पर्व सुरू झालं. मामी बहिणीकडे राहायला गेल्या, असं कथेत दाखवलं. पहिल्या दिवसाचं चित्रीकरण वहिनींच्या टेबलावर आलं. जावयाने प्रश्न विचारला आणि तो थांबला. मामाही थांबले. मामांनी डावीकडे पाहिलं, जिथे मामी उभ्या असायच्या. तिथे कुणीच नव्हतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी मामांनी सरळ कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, “मी इथे कशाला आलोय?”

वहिनींनी मागेपुढे करून पाहिलं. कापून लावायला दुसरा चेहराच नव्हता. त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मामी काय करत होत्या, तेही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आधी सांगायचंत, वहिनी. मामी असत्या तर काहीतरी जमवलं असतं. त्यांनी दुसरीकडे काम धरलंय आता.” आणि हळूच, “उद्या मामांना पाठवू नका.”

वहिनी घरी आल्या, तेव्हा मामा खिडकीपाशी संहिता घेऊन बसले होते. चेहरा उजळलेला. “बरं झालं आलीस. उद्याचा प्रसंग करून घे माझ्याकडून. तू जावई हो.”

वहिनींनी पर्स खाली ठेवली, त्यांच्या हातातली पानं घेतली आणि जावयाचा प्रश्न वाचला.

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. भाबडे, उत्सुक, जणू उत्तर त्याच देणार होत्या.