सतरंजी हलवायची नाही

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. अंगावर लाल-निळे पट्टे आणि कडेला पांढरे गोंडे, त्यातले निम्मे गळून गेले. बोथच्या विहारात रविवारी तुम्ही माझ्यावर बसून वंदना म्हणता, आणि मागच्या रांगेतले काही शहाणे माझे दोरे उपसत बसतात. आज दोरे सोडा आणि माझं ऐका.

माझा जन्म वरंगळच्या हातमागावर झाला. भिवाजी गुरुजींना उटनूरकडच्या जंगलात नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मला आदिलाबादच्या बाजारातून शाळेसाठी आणलं. कितीतरी पोरं माझ्यावर मांडी घालून पाढे शिकली. गुरुजी बोथला आले आणि मी विहारात आले. नामकरण असो, सोयरीक असो, जयंती असो, माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. एकदा मेणबत्ती पडून माझा कोपरा जळाला. गुरुजींच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, तिथं आपल्या आईच्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. मला ते फार शोभून दिसतं असं मी स्वतःच म्हणते.

दसऱ्याला आमची मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. त्या गर्दीत गुरुजींचा एकच कायदा होता. सतरंजी एकदा अंथरली की, सगळी माणसं परत येईपर्यंत ती हलवायची नाही. एका वर्षी त्यांची पाच वर्षांची वृषाली हरवली. ऊन चढलं, सगळे म्हणाले सावलीत जाऊ. गुरुजी एकटे माझ्यावर बसून राहिले. शेवटी एका अनोळखी बाईच्या कडेवरून पोरीनं माझे पट्टे ओळखले आणि ती रडत माझ्यावर येऊन पडली.

पुढं विहारात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला गुंडाळून कपाटामागं उभं केलं. चार वर्षं मी तिथं होते, आणि उंदरांनी माझी एक कड खाल्ली. खुर्च्यांबद्दल मी काही बोलणार नाही. बसल्या बसल्या खुर्चीचा पाय मोडतो तेव्हा तुम्हीच काय ते बोलता.

मग बोधगयेचं ठरलं. मरायच्या आधी एकदा बोधिवृक्षाखाली बसायचं, ही पंचफुलाबाईची आयुष्यभराची इच्छा होती. वृषाली आता तहसील कार्यालयात कारकून आहे. तिनंच नऊ जणांची तिकिटं काढली. नागपूरहून निघायचं आणि मधे एका मोठ्या विमानतळावर सात तास थांबून दुसरं विमान धरायचं. पंचफुलाबाईनं मला कपाटामागून ओढून काढलं.

"आई, तिथं खुर्च्या राह्यते. सतरंजी कायले?"

"खुर्चीवर सात घंटे पाय लांब करता येते काय?"

विमानतळावर एका खांबाशी मला अंथरलं. चकचकीत बूट माझ्याकडे बघत वळसा घालून जात होते. मी तशीच ऐटीत पसरले. ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी निघाली. सात तास नुसते बसून काढायचे नाहीत, असं वृषालीनं ठरवलं होतं. दोघादोघांनी फिरून यायचं, बाकीच्यांनी माझ्यावर बसायचं. म्हाताऱ्या चालत्या पट्ट्यावरून चार-चारदा जाऊन आल्या. कुणी काचेला नाक लावून विमानं मोजली. गुरुजींचा गुडघा धरला होता, म्हणून पंचफुलाबाई शेवटी एकटीच पाण्याची बाटली घेऊन निघाली. तिचा मोबाइल माझ्यावरच राहिला.

आमचं चुकलं ते इथंच. बसस्टँडवर जसा गाडीचा पुकारा होतो, तसाच विमानाचा होईल, असं सगळे धरून बसले होते. त्या विमानतळावर पुकाराच नव्हता. वृषाली सहज उठून फलकापाशी गेली आणि पळत परत आली. गेट बदललं होतं. नवं गेट पार दुसऱ्या टोकाला होतं, आणि दार बंद व्हायला पाऊण तास होता.

"आई कुठाय?"

"पानी आनाले गेली."

"कवा?"

कुणालाच सांगता येईना. एक बाई आतल्या आत रडायला लागली. वृषालीनं माझं टोक धरलं. "उठा सगळे. गुंडाळा हे."

"सतरंजी हलवायची नाई," गुरुजी म्हणाले.

"बाबा, हे नागपूर नाई!"

"तू हरपली होती तवाबी सगळे असंच म्हनत होते."

वृषालीनं माझं टोक सोडलं.

"मी थांबतो हितं," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या गुडघ्यानं तिथवर जायाले अर्धा घंटा लागते, बाबा. तुमी थांबले तर दोघंबी राहाल. आई तरी पळू शकते. मी या सगळ्यायले गेटवर सोडते आन वापस येते."

गुरुजी उठले, चपला घालून एक पाऊल चालले आणि माझ्याकडे वळले. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि हिरव्या ठिगळावर जोडीनं ठेवल्या, तोंडं नव्या गेटकडे करून. आमच्याकडे कापूस वेचायला पुढं गेलेली बाई फाट्यावर काडी ठेवते, आणि मागून येणारीला वाट कळते. पंचफुलाबाईनं लग्नाआधी लोकांच्या शेतात कापूस वेचला होता. गुरुजी अनवाणीच लंगडत निघाले. बाकीचे सामान उचलून त्यांच्या मागं गेले.

मी एकटी उरले. एका पेटीची चाकं माझ्या कडेवरून गेली आणि चपलांपासून वीतभर अंतरावरून सुटली. मला ओरडता येत नव्हतं. पसरून राहायचं, एवढंच मला येतं.

बराच वेळ गेला. मग वरच्या मजल्याच्या कठड्याशी पंचफुलाबाईचं पांढरं पातळ दिसलं. लहानपणी ती दुसऱ्याच्या ज्वारीत मचाणावर उभी राहून पाखरं हाकलायची. वाट सापडेना तेव्हा ती उंचावर चढली होती. तिनं मला बघितलं. ज्या सरकत्या जिन्याची तिला धास्ती होती, त्यावरून ती धडधड उतरत आली. चपलांपाशी उकिडवी बसली. ठिगळावरून एकदा हात फिरवला. चपला उचलल्या, उराशी धरल्या आणि पळत सुटली.

मला मात्र तिनं तिथंच ठेवलं. मित्रांनो, खरं सांगते, माझं मन मोडलं.

थोड्याच वेळात एक शिपाई आला. "ये किसका है?" त्यानं दोनदा विचारलं, मग यंत्रात बोलला, "लावारिस सामान." तेवढ्यात दुकानांच्या मागच्या वाटेनं वृषाली धापा टाकत आली. ठिगळ रिकामं बघून ती माझ्यावर वाकली. "आई येऊन गेली!" तिनं मला ओढलं, पण शिपायानं हात आडवा केला. तपासणी झाल्याशिवाय हलवायचं नाही म्हणाला. तिला थांबायला वेळ नव्हता. ती पळाली.

सहा दिवस मी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, छत्र्या आणि टोप्यांमध्ये पडून होते. विमान मिळालं की नाही, हे मला कोण सांगणार?

सातव्या दिवशी दारात ओळखीचा आवाज आला. खोलीतला बाबू विचारत होता, "पहचान क्या है?"

"हिरवं लुगडं है," पंचफुलाबाई म्हणाली. "मेरे आई का."

तिनं मला पोटाशी धरलं. तिच्या पिशवीत पिंपळाचं एक वाळलेलं पान होतं. मग मला कळलं.

"आई," वृषालीनं विचारलं, "त्या दिवशी तू हिले उचलली काऊन नाई?"

"तू मले शोधत मांगं येशीन, हे मले माहीत होतं. मी हिले नेली असती, तर तू कुठं आली असती?"

वृषालीनं माझ्या कडेचा एक सुटलेला दोरा हळूच आत खोवला.

परतीच्या विमानाला पाच तास होते. मला त्याच खांबाशी अंथरलं, आणि पंचफुलाबाई माझ्यावर पाय लांब करून झोपली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, आणि दोरे उपसू नका. पण कुठंही गेलात, तरी आपला एकही माणूस बाहेर असेल, तर मला गुंडाळू नका. तो येईपर्यंत मी पसरून राहीन.