ऋण दोन

पेडणेकर सरांनी बीजगणिताच्या प्रिलिमचे तपासलेले पेपर वाटले आणि रोझमेरीच्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तेचाळीस! त्या घाटकोपरच्या शाळेत सरांचा स्वतःचाच एक कायदा होता. बोर्डाला बीजगणित घ्यायचं तर प्रिलिमला मुलांना पस्तीस पुरेत, मुलींना मात्र पन्नास हवेत. नाही पडले, तर निमूट सोप्या गणिताचा फॉर्म भरायचा. बीजगणिताशिवाय सायन्स नाही, आणि रोझमेरीला तर सायन्सलाच जायचं होतं! दिवाळीपर्यंत समीकरण दिसलं की ती वहीच मिटायची, पण आता ती समीकरणं भाजलेल्या बोंबलासारखी कुडूमकुडूम फस्त करायची.

मार्क गेले होते वयाच्या गणितात. वडील चव्वेचाळीस वर्षांचे, मुलगा सोळाचा. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट होईल? तिचं उत्तर ऋण दोन. खाली ठसक्यात लिहिलं होतं, 'आता होणार नाही, दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलं.' त्यावर ही भली मोठी लाल फुली. चार मार्क गुल.

शेजारच्या बाकावरच्या नंदकुमारला तिथे चारपैकी चार.

"काय रे, तुझं काय आलं?"

"दोन. गाईडात आहे ना हे, यार. शेवटी वजा येत होता, तो खाल्ला मी."

"खाल्लास? चणे होते काय?"

ती ताडकन उठली. "सर, माझं बरोबर आहे."

"वर्षं कधी ऋण असतात का गं? बस खाली."

"मग ताळा करा ना! तुम्हीच म्हणता, ताळ्याशिवाय उत्तर नाही. दोन वर्षांनी वडील शेहेचाळीस, मुलगा अठरा. अठरा त्रिक चोपन्न!"

सरांनी छापील प्रश्न पाहिला आणि ते लालबुंद झाले. त्यांना हवे होते शेहेचाळीस आणि चौदा. प्रश्नपत्रिकेचं स्टेन्सिल लिहिताना चार आणि सहाची अदलाबदल झाली होती. वर्ग खिदळला.

"बरं, तुझे चार देतो. पण ज्यांनी दोन लिहिलंय, त्या सगळ्यांचे कापणार. आणा पेपर!"

नंदकुमारला काय, त्याचे कापून साठ उरत होते. पण रोझमेरीच्या बाजूला बसलेल्या अनुपमानेही दोनच लिहिलं होतं, आणि तिला एक्कावन्न होते.

"वाट लागली गं माझी," ती पुटपुटली.

रोझमेरी बसलीच नाही. "चूक तुमची, सर, आणि बीजगणित हिचं जाणार? बोर्ड मुलींना पस्तीसला पास करतं. तुम्ही काय बोर्डाच्या वरचे?"

"मुलींमुळे शाळेचा निकाल पडतो! चल, वर्गाबाहेर हो."

ती झाली बाहेर. जाता जाता तिने अनुपमाचं मनगट धरलं आणि तिला ओढतच जिना चढवला.

"अगं, तुझं तर झालं ना काम!"

"झालं डोंबल!"

वर मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलींना पन्नास? कुणी ठरवलं हे?"

"तेच विचारायला आलोय आम्ही," रोझमेरी म्हणाली.

बाईंनी शिपायाला हाक मारली. "पेडणेकरांना म्हणावं, सगळे पेपर घेऊन वर या. आत्ता."