हळू बोला

"हळू!" मेट्रनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

मंजुळानं औषधांचा ट्रे गच्च धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "छबुबाई, गोळी घेता का?"

सिरसाळ्याच्या म्हाताऱ्या छबुबाईंनी कानामागं हात नेला. "आं?"

"गोळी."

"कोण कोळी?"

शेवटी मंजुळा तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली. छबुबाईंनी गोळी लगेच गिळली. पण तीन खोल्यांपलीकडं झोपलेले साखर कारखान्याचे एक संचालक दचकून उठले आणि त्यांनी घंटी दाबली ती सोडलीच नाही.

"नाव मंजुळा आणि आवाज भोंग्याचा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "अगं, हा दवाखाना आहे, रान नाही."

मंजुळाला ते पटलं होतं. बीडच्या या मोठ्या दवाखान्यात लागून तिला दोन महिने झाले होते. काम येत होतं. सुई टोचलेली पेशंटला कळत नसे. पण इथं कुजबुजत बोलावं लागे, आणि कुजबुजायला गेलं की तिला खोकला यायचा. राजीनाम्याचा कागद दोन दिवस तिच्या खिशात होता. मेट्रनबाईंना तो देणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते वडिलांना सांगणं.

तिनं नर्स व्हावं हा आईचा हट्ट. ती शिकत होती तेव्हा आई तांब्यात निखारे घालून तिच्या पांढऱ्या ड्रेसला इस्त्री करायची. गेल्या आषाढात आई गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशीची इस्त्री रामकिसननं, तिच्या वडिलांनी केली होती. तांब्या जरा जास्त वेळ टेकला आणि बाहीवर पिवळा डाग पडला. आज तोच ड्रेस तिच्या अंगावर होता.

दुपारी रामकिसन आला आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली बसला. शेजारी पत्र्याची पेटी. मंजुळानं तांब्याभर पाणी दिलं. तो अर्धं प्याला आणि उरलेलं लिंबाच्या बुंध्याला घातलं.

"छावणीत गुरं कशी हायत, आबा?"

"बरी हायत. दूध संस्थेचा चारा येतोय. पर पाच गावची माणसं गुरांपाशीच राहायलेत. कुणाला ताप, कुणाला हगवण. संस्थेचे सेक्रेटरी आप्पाराव म्हनत होते, एक नर्स मिळाली तर लई बरं होईल."

मंजुळानं खिशात हात घातला, काढला. मग विषय बदलायला म्हणून पेटी उचलायला गेली आणि पेटी एका हातानं वर आली.

"ही तर रिकामी हाय!"

"तुझं सामान न्यायला आणली."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच. फोनवर."

"मी? मी तर रोज 'ठीक आहे' म्हनत होते."

"तेच की! आपल्या घरात 'ठीक आहे' कधी कुनी म्हनलंय का? तेबी असं, जसं शेजारी लेकरू निजलंय."

मंजुळानं कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं न वाचताच त्याची घडी घातली आणि तिला परत दिली.

"आईला वाईट वाटलं असतं का, आबा?"

"तिला? ती बांधावरून हाक मारायची तर पलीकडच्या गावचा मानूस 'ओ' द्यायचा." तो हसला. मग टोपी काढून मांडीवर झटकली. "आता घरात पाल चुकचुकली तरी ऐकू येती मला."

मेट्रनबाईंनी राजीनामा घेतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. छबुबाईंनी मात्र आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं सांगून तिचा हात सोडला नाही.

दोघं स्टँडवर पोचले तेव्हा गावाकडं जाणारी तलवाड्याची गाडी फाटकाबाहेर निघाली होती. रामकिसन पेटी घेऊन पळायला लागला.

"ओ मास्तर! थांबवाऽऽ!" मंजुळानं हाक मारली.

गाडी थांबली. तिच्या मागच्या दोन गाड्याही थांबल्या. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

मंजुळा धावत दारापाशी पोचली आणि वळली. रामकिसन धुळीत तसाच उभा होता, पेटी खाली ठेवून.

"आबा, चला की!"

त्यानं कानामागं हात नेला.

"आं?" तो म्हणाला.