जंतूला उपास

अहो, या लोकांपुढं डोकं आपटून घ्यावं की माझंच तोंड शिवून टाकावं, तेच कळेना मला! मी वामन, मोखाड्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर. संस्थान विलीन होऊन सहा-सात वर्षं झालेली, हिवतापाच्या गोळ्या नुकत्याच येऊ लागलेल्या, आणि त्या लोकांच्या गळी उतरवताना माझ्या तोंडाला फेस यायचा.

मुंबईहून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी एकदा मला सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरचा रक्ताचा थेंब दाखवला. म्हणाले, "वामन, हा हिवतापाचा जंतू आपल्या रक्तातली साखर खातो. ती मोडणारे रस त्याच्या अंगातच असतात. म्हणून रोगी गळून जातो." झालं! मला कुठलं राहवतंय? आठवड्याच्या बाजारात खोक्यावर चढून हेच ज्ञान पाजळलं. नुसतं 'गोळ्या घ्या' म्हणून उतरलो असतो तर काय बिघडलं असतं?

चौथ्या दिवशी सकाळी पाड्यावरचा लाडक्या धापा टाकत आला. त्याचा भाऊ जिव्या डोळे उघडत नव्हता.

पाड्यावर पोचलो तर जिव्या घामानं चिंब, अंग गार, हाक मारली की नुसता कण्हायचा. त्याची बायको कमू उशाशी बसलेली. गोळ्या दिल्यास? दिल्या. सगळ्या? सगळ्या. आणि खायला?

"काय नाय. तीन दिस," ती मान ताठ करून म्हणाली. "तूच सांगलास ना, तो रक्तातली साखर खातो? मंग त्याला उपाशी ठेवला."

"अगं बये, जंतूच्या आधी नवरा मरेल तुझा! गूळ आण!"

ती हलेना. "गूळ दिला तं तोच खाईल."

"खाऊ दे मेल्याला! त्याचं काय करायचं ते गोळी बघेल. दोघांना घाल, पण घाल!"

शेवटी लाडक्यानंच गूळ आणला. मी तो बोटानं जिव्याच्या गालात चोळत राहिलो, तोंडानं शिव्या चालूच. कमूला, साहेबांना, माझ्या या हातभर जिभेला. बऱ्याच वेळानं त्यानं ओठ चाटले. मग गूळपाण्याचे दोन घोट गिळले, डोळे उघडले आणि पुटपुटला, "पेज."

आता कमूची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून मी वळलो. पण ती हमसून हमसून रडत होती.

"तीन दिस पेजच मांगत व्हता, दादा. मी मडका लपवला. त्याला बोलली, हा तू नाय मांगत, तुझ्यातला तो मांगतो."